टोंगळ्याएवढं पाणी

दादा, काल, तू गेल्याच्या तेराव्या दिवशी, तुझ्या जलदानाच्या मांडवात मी हसले. गालातल्या गालात नाही, पदर तोंडात कोंबूनही ऐकू जावं असं. मागच्या रांगेतल्या बायका म्हणाल्या असतील, बहिणीच्या डोक्यावर परिणाम झाला बिचारीच्या. म्हणू देत. चार महिन्यांनी मला पोटातून हसू आलं आणि तेही तुझ्यामुळे, तेव्हा ही हकिगत पहिल्यांदा तुलाच सांगायला हवी.

लिहायला बसले की माझी भाषा इस्त्री केल्यासारखी होते, हे मला माहीत आहे. "सुमे, तू कागदावर पुण्याची होते व," असं तू मला नर्सिंगला असल्यापासून चिडवत आलास. चिडव. आता उलट बोलायला मी मोकळी आहे.

ते बोटीवरचं भांडण आपण दोघांनीही पुन्हा कधी काढलं नाही. तू सेलूकडे तुझ्या गावी, मी इकडे वर्ध्याजवळ नालवाडीत. मधे तासाभराचाही रस्ता नाही, पण चार महिने मी रोज उठून स्वतःला एकच विचारत होते, की दादा माझ्यावर रागावलाय का. आणि तू गेल्यावर तेच जास्त वाईट झालं, की दादा माझ्यावर रागावूनच गेला का. सकाळी अंगणात खुर्चीवर बसून चहा घेता घेता गेलास. वहिनीला बशी फुटल्याचा आवाज आला तेवढाच. मला फोन आला तेव्हा आधी रडू आलं नाही. माझ्या मनात आलं, संपलं, आता माफी मागायला कोणी राहिलं नाही.

सगळी चूक निखिलची. मुलगा मॉरिशसला हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागला आणि दोन वर्षांत त्याला वाटायला लागलं की आईनं समुद्र बघितलाच पाहिजे. तिकिटं दोन काढली, एक माझं, एक मामाचं. वहिनीला गुडघ्यांमुळे जमणार नव्हतं. तुला फोनवर सांगितलं तर तू म्हणालास, "मले काय पाणी दाखवते तो? तीस वर्षं पाणीच पाह्यलं ना बापा म्या." आणि दुसऱ्या दिवशी वहिनी सांगते, तू बॅग काढून धुऊन वाळत घातली म्हणून!

तीस वर्षं तू पाणी पाहिलंस हे खरं. पाटबंधारे खात्यात, बोर धरणाच्या कालव्यावर निरीक्षक. सायकलवरून काठाकाठानं जायचं, खांबावरच्या आकड्यावर नजर टाकायची, दार किती उघडायचं ते सांगायचं. कालव्याच्या पार शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांना पाणी पोचेल की नाही याची कायम धाकधूक. पण तू म्हणालास परवा सकाळी येते, की ते परवा सकाळीच येई. खांब नसला तर तू नुसत्या नजरेनं खोली सांगायचास. तुझा हिशोब सोपा होता. आपल्याकडचं पाणी गढूळ. तळ दिसला म्हणजे पाणी टोंगळ्याएवढं, गुडघ्याच्या वर जायचं नाही. दिसला नाही तर काठी घाला. लहानपणी मला याच हिशोबानं कालव्यात उतरवलंस, पाठीला वाळलेले दोन भोपळे बांधून. पोरीच्या जातीला कशाला पोहणं, असं आत्या म्हणाली तर तू काय म्हणालास आठवतं? "आत्या, बुडवताना पाणी काई पोरगा-पोरगी पाह्यत नाई." तेव्हा तू असशील सोळा-सतरा वर्षांचा.

निघताना मी माझी नर्सगिरी केली. गोळ्या, बीपीचं मशीन, एक मास्कचं पाकीट. आणि तुला दहा वेळा बजावलं, दादा, पाण्यात उतरायचं असेल तर वरची कवळी काढून डबीत ठेवजो. डबीसुद्धा मीच आणून दिली होती, निळ्या झाकणाची. तू "हौ हौ" म्हणालास. तुझं हौ हौ मला माहीत होतं, तरी मी विश्वास ठेवला.

ती बोट मला अजून दिसते. कॅटामरान म्हणे तिचं नाव. दोन अंगांची पांढरी बोट, मधे फळ्यांची बैठक, पुढे दोन्ही अंगांमधे ताणून बांधलेली जाळी आणि जाळीखाली थेट समुद्र. तू एक चक्कर मारून निकाल दिलास, "दोन डोंग्यावर माचा बांधला सुमे, बाकी काई नाई." निखिलला सुट्टी नव्हती, तो आपल्याला धक्क्यावर सोडून कामाला गेला. बोटीवर बारा माणसं होतो. आपण दोघं सोडून सगळी गोरी, अंगाला मलम फासून उन्हात पडलेली. सगळ्यांच्या चपला चढतानाच एका टोपलीत जमा केल्या. मी दिल्या नाहीत. साखरेच्या पेशंटनं अनवाणी फिरायचं नसतं, हे पस्तीस वर्षं लोकांना सांगत आले, आता स्वतः कशी फिरणार? कप्तान हसला आणि माझे जड चामडी स्लीपर राहू दिले. तू डोक्याला दुपट्टा गुंडाळून पुढे जाऊन बसलास.

सकाळ फार छान गेली, दादा. ते आधी लिहिते, कारण नंतरच्या भांडणात ती सकाळ मी हरवून बसले होते. लाटा लांब बाहेर प्रवाळाच्या कडेवर फुटत होत्या आणि आतल्या बाजूला पाणी तळ्यासारखं निवांत. त्याला ते लगून म्हणतात. पहिल्या बेटावर उतरलो तर तू मूठभर वाळू घेतलीस, बोटांत चोळलीस आणि म्हणालास, "बांधकामाच्या कामाची नाई." मी म्हटलं, तुला इथं घर बांधायला कोणी बोलावलंय? त्यावर तू इतका हसलास की एका गोऱ्या बाईनं आपला दोघांचा फोटो काढला. तो फोटो काल मांडवात लावला होता. तुझे सगळे दात दिसतायत त्यात.

मग दुपारी, जेवणाआधी, बोट मधोमध नांगरली. पाणी असं की खालची वाळू, वाळूवरच्या रेघा, एक तारामासासुद्धा दिसत होता. लोक पोहायच्या तयारीला लागले. तू कडेला वाकून पाहिलंस. माझ्याकडे वळून म्हणालास, "टोंगळ्याएवढं." मी म्हटलं, विचार तरी. तुला राग आला. "मले इचारतं का पाण्याचं?" लाइफ जॅकेट काढून बाकावर टाकलंस, वर म्हणालास की म्हशीच्या गळ्यातलं लोढणं हाय हे. आणि मागच्या पायरीवरून, जसा कालव्याच्या पायरीवरून उतरायचास तसा, विजार वर खोचून, एक पाय पुढे टाकलास.

गेलास. आवाजही झाला नाही. वर तुझा दुपट्टा तेवढा तरंगत राहिला.

दादा, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तू मला पोहायला शिकवलंस. मी जॅकेट घालून होते. आणि तू खाली गेलास तेव्हा मी कठडा धरून उभी राहिले. वॉर्डात हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर चढून बसलेली बाई मी, माझे हात त्या लोखंडाला चिकटले. ओरडायलाही आवाज फुटला नाही. निखिल नंतर म्हणाला, आई, खलाशी सांगतात चार-पाच सेकंद असतील. असतील. मला ते मोजता आले नाहीत.

तू आपला आपणच वर आलास. खोकत, डोळे मिचकावत. दोघा खलाशांनी उडी मारून तुला धरलं, ओढून पायरीवर घेतलं, पाठीवर थापट्या दिल्या. तू ठीक आहेस हे कळलं आणि मग माझा आवाज फुटला. असा फुटला की बस! "म्हातारा झाला पण अक्कल नाई आली तुले! तुले काई झालं असतं त वहिनीले मी काय तोंड दाखवलं असतं? पाण्याचं मले कळते म्हणे! काई कळत नाई तुले पाण्याचं. खात्यानं फुकट पोसलं तुले तीस वर्षं!"

शेवटचं वाक्य तोंडातून निघालं आणि मला कळलं की हे मी बोलायला नको होतं. तू माझ्याकडे पाहिलंस, दुपट्टा पिळलास, तोंडाला लावलास आणि जाळीवर जाऊन पालथा पडलास. तासभर तू त्या जाळीतून खाली पाण्यात पाहत राहिलास. मला वाटलं, माझं तोंड बघायचं नाही म्हणून.

जेवण आलं. निखार्‍यावर भाजलेली कोंबडी, आणि तू नाही म्हणालास! तू, ज्यानं माझ्या लग्नात तीन पंगतींना बसून घेतलं. मी वहिनीच्या पोळ्या आणि जवसाची चटणी समोर ठेवली, तीही नको. मान हलवून नको. एक केळं घेतलंस आणि पाठ करून खाल्लंस. दुसऱ्या बेटावर तू सुरूच्या झाडाखाली बसलास आणि मी पन्नास पावलांवर. परत येताना बघते तर माझ्या एकाच पायात स्लीपर. दुसरा कधी, कुठे पडला काही कळेना. उरलेला मी धक्क्यावरच्या कचऱ्यात टाकला आणि अनवाणी चालत गाडीत बसले. घ्यायला आलेला निखिल काही विचारायला लागला तर त्यालाही झापलं. रात्री तू दूधभात खाल्लास, तोही आत, निखिलच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी विमानात नागपूरपर्यंत मास्क. "सर्दी झाली," एवढे दोन शब्द, तेही मास्कच्या आतून बोबडे.

पस्तीस वर्षं नर्स होते मी. माणूस दारातून आत आला की तोंड पाहून सांगायचे काय झालंय. आणि तुला पाहून मला काहीच कळलं नाही, कारण मी पाहिलंच नाही, दादा. तुझ्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

त्यानंतर तीन आठवडे तू नालवाडीला फिरकला नाहीस. मग आलास, संत्री घेऊन, पाऊस-पाण्याचं बोललास, बोटीचं अवाक्षर नाही. मी तुझ्या कपात साखर घातली आणि मनात म्हटलं, आज बोलू. नाही बोलले. दिवाळीनंतर बोलू. तेही राहिलं. दोघंही एकाच आईची, एकाच वाणाची अडेल.

आता कालचं ऐक.

वंदना झाली, भंतेजींनी जलदान सांगितलं. ताटात वाटी ठेवली होती आणि आम्ही घरची माणसं तांब्याला हात लावून बसलो. वहिनीचा हात पुढे, माझा तिच्या हाताला. पाणी वाटीत पडत होतं, वाटी भरली, वाहायला लागली, ताट भरत आलं. मी त्या पाण्याकडे पाहत होते आणि मला तो दुपट्टाच दिसत होता. गेलेल्याला पुण्य लाभो असं तेव्हा मागायचं असतं, पण तुझ्यासाठी काय मागणार मी? मी मनात एवढंच म्हटलं, दादा, ते खात्याचं मी रागात बोलले.

मग लोक दोन शब्द बोलायला उठले. तुझा साहेब बोलला, सरपंच बोलला, सगळे कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ वगैरे. मग उठले किसनाजी, तुझ्या कालव्याच्या शेवटच्या टोकाचे. चष्मा पुसत उभे राहिले. म्हणाले, "मले भाषण येत नाई. भाऊनं सांगतलेली गोठ सांगतो." आणि सुरू झाले, हुबेहूब तुझ्या आवाजात!

"भाऊ म्हणे, किसनाजी, समुद्रावर गेलतो. तिथलं पाणी आपल्यासारखं नाई. आपलं पाणी काई दाखवत नाई, म्हून आपण मोजतो. ते पाणी सगळं दाखवते, अन् माणूस मोजाचं सोडून देते. म्या पाह्यलं, टोंगळ्याएवढं. टाकला पाय. तीन पुरुष खोल पाणी, खाली गेलो ना बापा! वरतं आलो, खोकललो, अन् तोंडात पाह्यतो त कवळी नाई! समुद्राले दात देऊन आलो, किसनाजी!"

मांडव हसला. कोणाला आवरलंच नाही, आणि मला एकदम कळलं की हे त्या सगळ्यांना ठाऊक आहे. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या आधीच तोंडाला पदर लावून तयार होत्या. चहावाला मान डोलावत होता. तू ही गोष्ट गावभर सांगितली होतीस! आणि मी तिथं बसल्या बसल्या एकेक आठवत गेले. केळं. दूधभात. मास्क. पिळून तोंडाला लावलेला दुपट्टा. जाळीवर पालथा पडून तासभर पाण्यात काय पाहत होतास, तर दात शोधत होतास! मी पदर तोंडात कोंबला. आधी वाटलं रडू येतंय. मग कळलं, नाही, हे दुसरंच आहे.

लोक जेवायला बसले तशी मी वहिनीला चुलीकडे गाठलं. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं?

"शप्पत घातली होती ना मले," वहिनी म्हणाली. "सुमीले सांगू नको, म्हणे. तिनं निंगतानाच सांगतलं होतं, डब्बीत ठेवजो म्हून. आता मेलो तरी तेच ऐकवन. वर्ध्याले जाऊन नवी कवळी केली, बसेपर्यंत तुह्याकडं आले नाईत. निखिललेबी सांगून ठेवलं होतं, मायले बोलू नको."

"अन् माह्यावर रागावला होता ना, वहिनी? खरं सांगा."

"कायचा राग व?"

"मी त्याले म्हणाली, खात्यानं फुकट पोसलं."

वहिनी भात वाढायचं थांबली. मला वाटलं, आता बसणार एक. तर ती हसायला लागली. तेरा दिवसांत पहिल्यांदा. "तेबी सांगत ना ते सगळ्याइले! माह्या बहिणीनं मले दहा गोऱ्याइसमोर असं झाडलं, म्हणे, की त्याइले एक अक्षर समजलं नाई पण सगळे चूप. कप्तान त टोपी काढून उभा राह्यला. त्याले वाटलं त्यालेच बोलून राह्यली. भल्ले खूश होत सांगताना. म्हणत, मायच्या मांगं मले इतकं कोणी झाडलंच नाई."

मी खाली बसले, तिथंच, भाताच्या पाटीशेजारी. वहिनीनं भाताचा हात धुतला आणि माझ्याजवळ टेकली. म्हणाली, "एक गोठ मले एकटीलेच सांगतली. ते वरतं आले तवा पह्यलं काय दिसलं, माहीत हाय? तुहा पाय. एक कठड्याच्या अलीकडं अन् एक पलीकडं. चप्पल सुटली, त्याइच्या कानाजवळून पाण्यात गेली. म्हणे, भोपळे बांधून शिकवलेली पोरगी हाय. मी वरतं आलो नसतो त आली होती ते खाली."

दादा, मला हे आठवत नाही. खरंच नाही. मला फक्त ते लोखंड आठवतं, माझे हात आठवतात. पण परतताना माझ्या एकाच पायात स्लीपर होता, हे मला पक्कं आठवतं. चालता चालता कठड्यापलीकडे चप्पल कशी पडेल? तू आयुष्यात पाण्याच्या बाबतीत एकदाच चुकलास. हे तू बरोबर पाहिलंस असं मी आता धरून चालणार आहे. कोणी काही म्हणो.

पण गाढवा, मला का नाही सांगितलंस? दात हरवले म्हणून मी तुला काय केलं असतं? बरं, बोलले असते. आठ दिवस बोलले असते, डबीवरून तर महिनाभर. पण मग आपण दोघं मिळून हसलो असतो ना रे! ते तेवढं राहिलं. त्याचा मला राग आहे आणि तो मी ठेवणार आहे, तुझ्यावर थोडा राग नसला तर मला करमणार नाही. बाकीचं गेलं. काल घरी आले, पाय धुतले आणि चार महिन्यांत पहिल्यांदा दुपारची गाढ झोपले. उठले तर संध्याकाळ झाली होती, आणि उठल्या उठल्या तो प्रश्न मनात आला नाही.

निखिलला फोन केला. म्हटलं, सगळं कळलंय मला, लबाडा. तो म्हणाला, "आई, मामानं मला दुसऱ्या दिवशी विचारलं होतं, एखादा पाणबुडा पाठवता येतो का म्हणून." मी पुन्हा हसले. मग जे तुला म्हणायचं होतं ते मुलालाच म्हटलं, तुझ्यापर्यंत पोचेल तसं पोचेल. मामाला पाणी फार चांगलं कळत होतं, म्हटलं. खोटं वाटत असेल तर किसनाजीच्या शेताला विचार.

तुझ्या अस्थी आपल्या धाम नदीच्या पाण्यात दिल्या. तिथं काठी घातल्याशिवाय काही दिसत नाही. पण त्या दुसऱ्या पाण्यात, तिकडे, तुझी कवळी आणि माझी चप्पल वाळूवर शेजारी शेजारी पडली असतील. एखादा वाकून पाहील, त्याला दोन्ही अगदी स्पष्ट दिसतील, आणि तो म्हणेल, हात घालून काढता येतील की. टोंगळ्याएवढंच तर पाणी आहे.